कोकणातील घरापुढची हिरवळ

कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजी येथील व्यापारी कुटुंबांत घाटाखाली एक घर असावे ही ओढ अलीकडे बरीच वाढली आहे. आंबा घाट उतरून साखरप्यावरून रत्नागिरी गाठावी, किंवा गगनबावड्याहून वैभववाडीकडे उतरून देवगड-मालवणचा किनारा धरावा. सकाळी लवकर निघाले, तर सूर्यास्तापूर्वीचे जेवण निवांतपणे समुद्राकाठी होते. जागेची कागदपत्रे तपासताना, चिऱ्याचा भाव ठरवताना, गवंड्याशी बोलणी करताना ही मंडळी पैचा हिशेब सोडत नाहीत. एक गोष्ट मात्र हिशेबाशिवाय ठरते. घर उभे राहिले की पुढे हिरवीगार लॉन हवी. लग्नकार्यासाठी आपण ज्या जागा भाड्याने घेतो त्यांनाही आता ‘लॉन्स’ म्हणतात, तेव्हा हा शब्द आपल्याला परका राहिलेला नाही. परके आहे ते गवत, आणि किनाऱ्यावरची हवा तर त्याला त्याहूनही परकी आहे.

हिरवळ राखण्याची ही रीत इंग्लंडात रुजली, कारण तेथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत राहतो आणि ऊन सौम्य असते. आपण मूळ कल्पना उचलली, तो पाऊस मात्र आणता आला नाही. कापडाच्या व्यापाऱ्यांना एक गोष्ट ऐकायला आवडेल. गवत कापण्याचे यंत्र प्रथम बनवले ते ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग याने, १८३० साली. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी छाटण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. ते पाहून बडिंगला वाटले, कापडावरची लव छाटता येते तर जमिनीवरची का नाही? तोपर्यंत गवत विळ्याने आणि लांब दांड्याच्या कोयत्याने कापले जाई, आणि त्यासाठी माणसे राखणे मोठ्या इस्टेटींनाच परवडे. या यंत्रामुळे मध्यम घरांपुढेही लॉन दिसू लागली.

आता आपल्याकडे पाहू. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तो ३००० मिलिमीटरच्या पुढे जातो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने जमीन जवळजवळ कोरडी राहते. हवा मात्र कोरडी होत नाही. गवताला कठीण जाते ते नेमके हेच: मुळांना पाणी नाही आणि पाती रात्रभर दवाने ओली. अशा ओल्या पातीवर बुरशी धरते आणि हिरवळीवर गोल, तपकिरी, थाळीएवढे डाग उमटतात. मालक ते पाणी कमी पडल्याचे लक्षण समजून संध्याकाळी आणखी पाणी मारतो. त्याने बुरशीचे पोषण होते, गवताचे नाही.

दुसरी अडचण जमिनीची. किनाऱ्यालगतचा बराच भाग जांभ्याचा आहे. या दगडाला इंग्रजीत लॅटेराइट हे नाव मिळाले ते १८०७ साली, फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातील अंगाडीपुरम येथे केलेल्या निरीक्षणावरून. विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याने ते घडवले. जमिनीतून कापून उन्हात ठेवला की घट्ट होणारा हा दगड घराच्या भिंतीला उत्तम, पण गवताला फारसा उपयोगी नाही. शतकानुशतके मुसळधार पाऊस झिरपून त्यातील चुना आणि इतर क्षार वाहून गेलेले असतात, जमीन आम्ल झालेली असते, आणि वरचा मातीचा थर कित्येकदा वीतभरही भरत नाही. पाणी त्यातून चाळणीतून जावे तसे खाली जाते. ही चाळणी पुढे आपल्या हकिगतीत महत्त्वाची ठरणार आहे.

कोकणातील जुन्या घरांपुढे लॉन कधी नव्हती, याचे कारण तेथील लोकांना सौंदर्याची जाण नव्हती असे नाही. पावसाळ्यात घराभोवती गवत आपोआप माजते. दसऱ्याच्या सुमारास ते काढून, जमीन खणून, पाणी मारून, चोपण्याने ठोकून ठोकून खळे करतात, शेणाने सारवतात आणि वर मांडव घालतात. मग त्या खळ्यात भात झोडायचे, सुपारी वाळवायची, आमसुले घालायची आणि संध्याकाळी मुलांनी खेळायचे. शिवाय रत्नागिरीच्या मुलखात फुरसे आहे. लहानसा, मातीच्या रंगाचा हा विषारी साप गवतात दिसत नाही आणि सारवलेल्या जमिनीवर लगेच दिसतो. दारापुढे गवत न ठेवण्यामागे हा अनुभव आहे. बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे त्या जिल्ह्यात गेली. तेथील शेतकऱ्याच्या खळ्याइतकी नीट राखलेली जागा मी लॉनवाल्या बंगल्यांतही क्वचितच पाहिली.

तरीही लॉन हवीच असेल तर ती राखता येते. लक्ष्मीपुरीत धान्याची पेढी असलेल्या, माझ्या निकटच्या परिचयातील एका कुटुंबाची हकिगत त्या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. तीन भाऊ, एकत्र व्यवहार, आणि घरात ब्याऐंशी वर्षांच्या मातोश्री, ज्यांना सारे ‘बा’ म्हणतात. रत्नागिरीच्या उत्तरेला, समुद्र दिसेल अशा उतारावर त्यांनी घर बांधले. बागेचे काम धाकट्या बंधूंनी हौसेने अंगावर घेतले. पुण्याहून आलेल्या ठेकेदाराने ४००० चौरस फुटांवर कोरियन गवताच्या लाद्या अंथरल्या. मखमल पसरल्यासारखे दिसले, यात शंका नाही.

पहिल्या उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न आला. मोठ्या बंधूंनी मला हिशेब करायला सांगितला आणि तो अवघड नव्हता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. ४००० चौरस फूट म्हणजे सुमारे ३७२ चौरस मीटर. उन्हाळ्यात गवताला दिवसाला ५ मिलिमीटर धरले तर १,८६० लिटर झाले. नोव्हेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचे साधारण २०० दिवस धरले तर पावणेचार लाख लिटर. हा आकडा मोठा की लहान, हे कशाशी ताडून पाहावे? २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातील माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. म्हणजे ही हिरवळ चौतीस माणसांचे पाणी पीत होती, आणि तेही अशा मुलखात जेथे एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात काही वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

पंप रोज दोन तास चालू लागला. एप्रिलमध्ये घर सांभाळणाऱ्या जोडप्यातील बाईने बांना सांगितले, “बा, विहिरीचं पाणी मचूळ लागतंय. भात शिजवला तरी चव येते.” किनाऱ्यावर गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरचे गोडे पाणी प्रमाणाबाहेर उपसले की खालचे खारे वर सरकते. त्याच विहिरीवर त्या जोडप्याचे आणि शेजारच्या दोन घरांचे पिण्याचे पाणी अवलंबून होते. धाकट्या बंधूंनी पंप एक दिवसाआड केला आणि गवताचे कसेबसे निभावले.

खरी कसोटी लागली ती दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरताना. लॉनवर पिवळे ठिपके दिसले, ते वाढत गेले आणि ऑक्टोबरमध्ये काही जागी गवत हाताने ओढले तर सतरंजीसारखे गुंडाळून वर येऊ लागले. खाली मुळे नव्हतीच. मातीत इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या होत्या. शिरोळ-हातकणंगल्याच्या ऊसवाल्यांना हे सांगावे लागणार नाही. ती हुमणी.

हुमणीचा क्रम ठरलेला असतो. मे अखेरीस किंवा जूनच्या आरंभी वळवाचा पाऊस झाला की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर यांसारख्या झाडांचा पाला खातात, दिव्यांकडे झेपावतात आणि पुन्हा जमिनीत शिरून अंडी घालतात. अळ्या जुलैपासून मुळे कुरतडतात. पाऊस चालू असेपर्यंत गवत तग धरून हिरवे दिसते. पाऊस थांबला, पाण्याची गरज वाढली, की मुळे नसल्याचे उघड होते. म्हणून नुकसान जुलैत होते आणि दिसते ऑक्टोबरात. न कुजलेल्या शेणखतातूनही ही अळी येते. ठेकेदाराने पावसापूर्वी ट्रॉलीभर शेणखत पसरले होते आणि ते पुरते कुजलेले नव्हते, हे जोडप्याने तेव्हाच बोलून दाखवले होते.

ठेकेदाराने उपाय सुचवला: दाणेदार कीटकनाशक मातीत मिसळून भरपूर पाणी द्यायचे. दिवाळीत सारे कुटुंब तेथे जमले असताना हा विषय निघाला. धाकटे बंधू औषध घालण्याच्या बाजूचे होते. लाद्यांवर मोठी रक्कम खर्च झालेली, सोयरेमंडळी लॉन पाहून गेलेली. ती डोळ्यांदेखत उजाड होणे त्यांना लागले होते, आणि ते समजण्यासारखे आहे. मधल्या बंधूंचे म्हणणे, जीवहत्या करून हिरवळ राखायची तर ती नकोच. त्यावर धाकट्यांनी विचारले, मग आठवड्याला यंत्र फिरवतो तेव्हा काय होते? वनस्पतीतही जीव मानणाऱ्या घरात या प्रश्नाला चटकन उत्तर नसते. बोलणे चढू लागले.

बा बराच वेळ ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, “विहीर किती पावलांवर आहे?”

कोणालाच सांगता येईना. घर सांभाळणारा गडी दारात उभा होता. तो म्हणाला, “तीस.”

“आणि तुमची पोरं तेच पाणी पितात ना?”

जांभ्याची चाळणी येथे आड आली. मातीचा थर पातळ, खाली सच्छिद्र दगड, त्यावर भरपूर पाणी ओतायचे आणि उताराला तीस पावलांवर विहीर. औषध घातले गेले नाही. धाकटे बंधू त्या रात्री कोणाशी फारसे बोलले नाहीत.

मला बांचा निर्णय शेतीशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य वाटतो. हुमणी मोठी झाल्यावर औषधाचा उपयोग फार कमी होतो. ऑक्टोबरात वापरलेले विष मुख्यतः गांडुळांवर आणि पाण्यावर खर्च झाले असते. हुमणीवर वाढणाऱ्या मेटारायझियम बुरशीची पूड मिळते आणि तिला जैविक उपाय म्हणतात, पण तीही अळी मारूनच काम करते. ज्यांना जीवहत्या टाळायची आहे त्यांनी ‘जैविक’ या शब्दावर समाधान मानू नये. भुंगेरा येऊच न देणे हाच खरा उपाय. मे-जूनच्या संध्याकाळी, वळवाच्या पावसानंतरचे दोन-तीन आठवडे, अंगणातील दिवे बंद ठेवावेत आणि खिडक्यांना पडदे ओढावेत. शेणखत वर्षभर कुजलेले, भुसभुशीत आणि वास न येणारेच घ्यावे. एवढ्याने हुमणी पूर्ण थांबत नाही, पण तिचा भार पुष्कळ हलका होतो, आणि मुळे खोल गेलेले गवत थोडी हुमणी सोसते.

मुळे खोल जाणे हे पुष्कळसे कापणीवर अवलंबून असते. पातीच्या उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक एका वेळी कापू नये. पाती हे गवताचे स्वयंपाकघर. ते सारे छाटले तर मुळे उपाशी राहतात. माझ्या पेशाच्या भाषेत सांगायचे तर व्याज घ्यावे, मुद्दलाला हात लावू नये. किनाऱ्यावर दोन इंच उंची ठेवावी, सावलीत थोडी अधिक. कोकणात सर्वत्र दिसणारा खांद्यावरचा ग्रास कटर बागायतीसाठी चांगला, लॉनसाठी नाही. त्याची दोरी गवत मुळाशी सोलते. कापलेले गवत जागीच राहू द्यावे किंवा गाईला घालावे. औषध न मारलेल्या लॉनचा चारा पांजरपोळातही नाकारणार नाहीत.

पावसाळ्यात हिरव्यावर पाय देऊ नये, हे आपल्या घरांत लहानपणापासून कानी पडलेले असते. त्यामागचा भाव जीवदयेचा आहे. पण भिजलेल्या जमिनीवर वावर झाला की माती दाबली जाते, हवा खेळत नाही आणि मुळे कुजतात, हेही तितकेच खरे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर शर्यतींचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो आणि पावसाळ्यात घोडे पुण्याला धावतात. ज्यांचा सारा धंदा गवतावर चालतो तेही किनाऱ्यावरच्या ओल्या हिरवळीला चातुर्मासभर विसावा देतात. निचरा कितीही चांगला असला तरी त्याला मर्यादा आहे. नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम वाळूच्या थरावर केलेल्या, पाणी झटकन शोषणाऱ्या मैदानासाठी नावाजलेले. २००८ साली पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तेथेच झाला. पण ११ नोव्हेंबर २००९ रोजी वादळी पावसात तेथील भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना एकही चेंडू न टाकता रद्द करावा लागला. वाळूचा विषय निघाला म्हणून सांगतो, निचऱ्यासाठी समुद्राची वाळू लॉनमध्ये कधीही घालू नये. तिच्यात मीठ असते, आणि किनाऱ्याची वाळू उचलणे हा वेगळा गुन्हा.

पावसाळ्यात लॉनवर वाणी दिसतात, काळे-तांबडे, स्पर्श होताच गोल वळणारे. आपल्या पेशाचेच नाव मिळालेला हा जीव निरुपद्रवी आहे. तो कुजका पाला खातो, जिवंत गवताच्या वाटेस फारसा जात नाही. गांडुळांनी वर आणलेल्या मातीच्या ढेकळ्यांनीही घाबरू नये. ती सुकल्यावर झाडूने पसरली की उत्तम खत. लव्हाळा मात्र चिवट. तो उपटला की गाठ खालीच राहते आणि एकाचे चार होतात. पावसाच्या आरंभी माती मऊ असताना खुरप्याने खोलवर, गाठीसकट काढणे एवढाच मार्ग आहे, आणि तो कंटाळवाणा आहे.

खताविषयी थोडे. जूनमध्ये युरिया घातला तर तो पहिल्या चार सरींत समुद्राला मिळतो. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरला की थोडे आणि फेब्रुवारीत पुन्हा थोडे, एवढे पुरे. माती तपासून घेऊन आम्लता फार असेल तरच चुनखडी घालावी. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून या मातीचा अभ्यास करीत आहे. पुण्याच्या ठेकेदाराऐवजी तेथे विचारणे अधिक शहाणपणाचे.

आता त्या कुटुंबाने पुढे काय केले ते सांगतो. उजाड झालेल्या लाद्या काढल्या. ४००० चौरस फुटांपैकी १२०० चौरस फूटच हिरवळ ठेवली, म्हणजे पाण्याची गरज दिवसाला सुमारे साडेपाचशे लिटरांवर आली. पुन्हा कोरियन गवत लावले नाही. ते दाट आणि देखणे, पण एकदा उघडे पडले की भरून यायला फार वेळ घेते. समुद्राकडच्या उन्हाच्या बाजूला दूर्वा लावली. नर्सरीत तिच्याच सुधारित जाती बर्म्युडा किंवा सिलेक्शन वन या नावांनी मिळतात. ती खारा वारा सोसते, पाणी कमी पडले तरी मरत नाही, पण तिला सावली चालत नाही. म्हणून घराच्या आणि आंब्याच्या सावलीत रुंद पानाचे कार्पेट ग्रास लावले. आम्ल माती त्याला मानवते, मात्र त्याला ओल लागते. लाद्या विकत न घेता जुलैत, पावसाची उघडीप पाहून, चार-चार इंचांवर ठोंब टोचले. दोन महिन्यांत जमीन झाकली. पाणी आता पहाटे देतात, रोज शिंपडण्याऐवजी आठवड्यातून तीनदा भरपूर, म्हणजे पाती दिवसभरात सुकतात आणि मुळे ओलीच्या मागे खाली जातात.

उरलेल्या जागेत कोकमाची आणि सुपारीची रोपे आहेत, आणि घरालगत खळे. ते दसऱ्यानंतर गडी आणि त्याची बायको चोपून सारवतात. धाकट्या बंधूंना ते प्रथम पसंत नव्हते. आता दिवाळीत त्यांची मुले लॉनवर नव्हे, खळ्यातच क्रिकेट खेळतात, कारण तेथे चेंडूला टप्पा नीट मिळतो.

यंदा एप्रिल संपेपर्यंत विहिरीचे पाणी गोडे राहिले. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ते किंचित मचूळ लागताच गड्याने कोल्हापूरला फोन केला. धाकट्या बंधूंनी लगेच लॉनचे पाणी बंद करायला सांगितले. सावलीतले गवत अर्धे गेले, दूर्वेचा तुकडा पेंढ्यासारखा पिवळा झाला. अंगणातले दिवेही महिनाभर बंदच होते. जूनमध्ये दुसरा पाऊस झाल्यावर चार दिवसांनी दूर्वेच्या पेरांवर हिरवे कोंब दिसू लागले. सावलीतला भाग पुन्हा टोचायचा आहे.